गाडी उचलली, तरी टायर घासतोच कसा?

पातलीपाड्याच्या उड्डाणपुलाखाली यू-टर्न घेताना माझ्या मारुती जिम्नीने पहिल्यांदा तोंड उघडलं. स्टीयरिंग उजवीकडे पूर्ण वळवलेलं, पुढे रिक्षा, मागे टीएमटीची बस, आणि पुढच्या चाकाकडून ‘खर्रर्र’. पितळी पातेलं काथ्याने घासावं तसा आवाज. स्टीयरिंग थोडं सोडलं की बंद, पुन्हा वळवलं की सुरू. दोनच दिवसांपूर्वी गाडी 2 इंच उचलून घेतली होती आणि कंपनीचे 195/80 आर 15 टायर काढून 235/75 आर 15 चे दांडगे टायर चढवले होते. घासणार नाही ना, असं मी विचारलंही होतं. उत्तर मिळालं, “लिफ्ट केलीय ना साहेब, आता कुठे घासतंय!”

हे वाक्य ठाण्यात आणि नवी मुंबईत निदान डझनभर गाडीवाल्यांनी ऐकलं असेल. ते अर्धं खरं आहे, म्हणून जास्त महागात पडतं. गाडी उचलल्याने टायरला जागा मिळते, हे उभ्या गाडीपुरतं खरं. टायर मात्र उभ्या गाडीत घासत नाही. तो वळताना घासतो, खड्ड्यात आपटताना घासतो, आणि या दोन्ही गोष्टी एकदम झाल्या की सगळ्यात जास्त घासतो.

आधी टायरवरचा आकडा वाचू. 195/80 आर 15 म्हणजे टायर 195 मिलिमीटर रुंद. त्याच्या भिंतीची उंची रुंदीच्या 80 टक्के, म्हणजे 156 मिमी. रिम 15 इंची, म्हणजे 381 मिमी. रिमच्या वर एक भिंत, खाली एक भिंत, असं धरून पूर्ण व्यास 693 मिमी होतो. आता 235/75 आर 15 घ्या. भिंत साधारण 176 मिमी आणि व्यास 733 च्या जरा पुढे. फरक 40 मिमीचा.

या 40 मिमीचं काय होतं बघा. चाकाचा मध्य जमिनीपासून निम्म्यानेच वर जातो, म्हणजे 20 मिमी. ॲक्सलखालची, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याखालची, उंची जी वाढली ती एवढीच. पण टायर पुढे 20 मिमी सरकला, मागे 20 सरकला, वरही 20 गेला. रुंदी 40 ने वाढली, तीही 20 आत आणि 20 बाहेर. एका बाजूचा फायदा घ्यायला उरलेल्या बाजूंनी भाडं भरायचं, असा हा व्यवहार आहे. शिवाय चिखलासाठीच्या मड टायरच्या खांद्यावर जे जाड ठोकळे असतात ते छापील मापाच्या बाहेर डोकावतात. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी उभे करा, काही मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसतो. “माझ्या मित्राच्या गाडीत हेच माप घासत नाही” या वाक्यावर पैसे खर्च करू नयेत, त्याचं हे एक कारण.

उंची म्हणजे जागा नव्हे

लाकडी खुर्चीवर जाड गादी टाका. हळूच बसलात तर आधीपेक्षा उंच बसल्यासारखं वाटेल. धपकन बसलात तर बूड फळीलाच टेकणार, गादी कितीही जाड असो. सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे ही गादी. लांब किंवा कडक स्प्रिंग घातली, नाहीतर स्प्रिंगच्या डोक्यावर स्पेसर बसवला, की उभ्या गाडीत ॲक्सल आणि बॉडी यांच्यातलं अंतर वाढतं. माझ्या गाडीत ते 50 मिमीने वाढलं. पण घोडबंदर रोडच्या एखाद्या पावसाळी खड्ड्यात चाक पडून वर उसळलं की स्प्रिंग दबते, दबत जाते, आणि शेवटी चेसिसवरच्या (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावरच्या) एका जाड रबराला ॲक्सल जाऊन टेकतो. त्या रबराला बंप स्टॉप म्हणतात. आपल्याकडचे मिस्त्री ‘स्टॉपर’ म्हणतात. तीच आपली फळी.

चाक जास्तीत जास्त किती वर जाईल, हे हा स्टॉपर ठरवतो. लिफ्ट करताना त्याला कोणी हात लावला नाही, तर पूर्ण दबलेल्या अवस्थेत चाकाचा मध्य पूर्वी जिथे होता तिथेच येतो. फक्त आता त्या मध्याभोवती 20 मिमी मोठा टायर आहे. समजा कंपनीच्या टायरला पूर्ण दबल्यावर मडगार्डखालच्या प्लॅस्टिक लायनरपासून 25 मिमी जागा उरत होती. नव्या टायरला उरली 5. त्यात टायरवर चिकटलेला चिखल आला, ठोकळे आले, सांध्यांतल्या बुशचं रबर थोडं दबलं ते आलं. संपली जागा.

मग लिफ्टचा उपयोग काय? आहे, आणि चांगला आहे. 50 मिमी उचलल्यामुळे चाकाला वर जायला 50 मिमी जास्तीची वाट मिळाली. त्यातली 25 मिमी स्टॉपरखाली ठोकळा बसवून परत काढून घेतली, तरी चाकाला मूळच्यापेक्षा 25 मिमी जास्त वाट उरतेच. म्हणजे गाडी स्टॉपरवर आधीपेक्षा कमी आपटेल आणि टायरही लायनरपर्यंत पोचणार नाही. लिफ्ट न करता नुसता स्टॉपर खाली आणला असता तर गाडी प्रत्येक गतिरोधकावर दाणकन बसली असती. लिफ्ट ही पगारवाढ आहे. ती स्टॉपरवर खर्च केली तरच टायरला घर मिळतं. गॅरेजवाले वाढ देतात, खर्चाचं कोणी बोलत नाही.

इथे एक गोष्ट तपासून घ्यायची. काही गाड्यांत हा रबर चेसिसवर वेगळा नसून शॉकअपच्या दांड्यावरच बसवलेला असतो. अशा गाडीत शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर टाकला की शॉकअपबरोबर स्टॉपरही खाली येतो, आणि वेगळा ठोकळा लागेलच असं नाही. त्यामुळे आधी गाडीखाली टॉर्च घेऊन शिरायचं आणि रबर कुठे आहे ते बघायचं. आणखी एक: ज्या गाडीत पुढची चाकं स्वतंत्र आर्मवर असतात, उदाहरणार्थ थार, तिथे स्टॉपर आर्मच्या मध्यावर टेकत असेल तर स्टॉपरचे 10 मिमी म्हणजे चाकाजवळचे सुमारे 20 मिमी. तरफेचा शाळेतला नियम. ठोकळा जाडजूड बसवण्याआधी हे गुणोत्तर मोजलं नाही तर सस्पेन्शनचा निम्मा प्रवास फुकट जातो.

बॉडी लिफ्टचं गणित याच्या नेमकं उलट. तिथे स्प्रिंगला हात न लावता चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे टाकून बॉडीच वर उचलतात. ऑफरोडवाल्या मंडळींत तिला जरा नाक मुरडलं जातं, ‘दिखाऊ’ म्हणून. पण टायर घासण्यापुरतं बोलायचं तर तिचे 25 मिमी हे सगळ्या अवस्थांतले खरे 25 मिमी असतात, कारण मडगार्डच चाकापासून लांब गेलेलं असतं. मोबदल्यात स्टीयरिंगचा दांडा, रेडिएटरच्या पंख्याभोवतीचं आवरण, गिअरचा दांडा, बंपरमागची फट अशी कामांची रांग लागते. मी ती वाट धरली नाही. चेसिसपासून बॉडी सुटी करण्याची कल्पनाच मला झोप लागू देईना.

दार आणि बिजागरी

आता वळताना काय होतं ते. चाक स्वतःच्या मध्याभोवती वळतं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. चाकाच्या आतल्या बाजूला एक अक्ष असतो, जिम्नीसारख्या गाडीत वरच्या-खालच्या किंगपिनमधून जाणारा, आणि त्याभोवती चाक दारासारखं फिरतं. बिजागरी आत, चाक म्हणजे दार. दाराची बाहेरची कड बिजागरीपासून जितकी लांब, तितका ती मोठा कंस काढते. अरुंद खोलीत रुंद दार उघडताना ते पलंगाला आपटतं, तसा टायर पुढे बंपरच्या कोपऱ्याला आणि मागे दरवाज्याच्या बाजूच्या पत्र्याला आपटतो.

हे एकदा डोक्यात बसलं की चाकाच्या स्पेसरचा (स्प्रिंगवरचा नव्हे, तो वेगळा) घोळ उलगडतो. माझ्या गाडीतला पातलीपाड्याचा तो पहिला आवाज आतून येत होता. जिम्नीचा पुढचा ॲक्सल दोन लांब दांड्यांनी मागे चेसिसला बांधलेला असतो. पूर्ण वळणावर टायरची आतली-मागची कड त्या दांड्याला लागत होती. मी गाडी परत त्याच गॅरेजमध्ये नेली. त्यांनी रिम आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्यामध्ये 30 मिमीचे स्पेसर घातले, चाकं बाहेर आली, आतला आवाज बंद. मी खूश. गाडी रुबाबदारही दिसायला लागली. चार दिवसांनी वाशीच्या एका मॉलच्या तळघरात गोल उतारावरून खाली जाताना दोन्ही बाजूंनी ‘घुर्रर्र’ सुरू झालं. आतली कड दांड्यापासून सुटली होती, पण दार 30 मिमीने रुंद झालं होतं. बाहेरची कड आता पुढे बंपरला आणि मागे लायनरला खरवडत होती.

मॉलचा तो उतार या रोगाचं निदान करायला फार उत्तम जागा आहे, हे जाता जाता सांगतो. वळण आवळलेलं, उतार तिरका, एका चाकावर जास्त भार. सपाट रस्त्यावर गप्प बसणारी गाडी तिथे सगळं बोलते.

स्पेसर मुळात वाईट नाही. पण तो घासणं कमी करत नाही, हलवतो. रिमचा ऑफसेट कमी केला, म्हणजे चाक बाहेर काढणारी रिम घेतली, तरी तेच. आतली जागा किती आणि बाहेरची किती, हे मोजून मधला आकडा काढायचा असतो. माझ्या गाडीत तो 30 नव्हता. आणि स्पेसर घालायचाच तर हबच्या मधल्या गोलावर घट्ट बसणारा घ्यावा, त्याचे नट टॉर्क पान्याने आवळावेत, आणि शंभर-दीडशे किलोमीटरनंतर चाक काढून पुन्हा तपासावेत. नुसत्या बोल्टवर लोंबणारा पातळ, स्वस्त स्पेसर महामार्गावर नको. बेअरिंगवरचा ताण वाढतो तो वेगळाच.

एक वाटी रांगोळी

दुसऱ्या वेळी मी वागळे इस्टेटमधल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “घरात रांगोळी आहे का?”

रविवारी सकाळी आईच्या डब्यातली वाटीभर पांढरी रांगोळी घेऊन गेलो. काकांनी ती पाण्यात दाटसर कालवली आणि रंगाच्या जुन्या ब्रशने पुढच्या दोन्ही टायरच्या खांद्यांना फासली, आतून आणि बाहेरून. मग पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक लाकडी ओंडक्यांवर चढवलं. असं तिरकं उचललं की त्या दोन चाकांवरच्या स्प्रिंग दबतात आणि उरलेली दोन चाकं लोंबकळतात. दगडगोट्यांच्या वाटेवर गाडीची जी अवस्था होते, ती शेडमध्ये उभ्या उभ्या मिळते. गाडीमागे-पुढे अडण्या लावल्या, काका खाली वाकून बघत राहिले आणि मी इंजिन चालू ठेवून स्टीयरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं. मग ओंडके उलट्या कोपऱ्यांत. मग सगळं काढून अंगणात पुढे-मागे, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून. मागे घेतानाची चाचणी लोक विसरतात. ॲक्सल रबरी बुशांवर टांगलेला असतो. पुढे जाताना तो एकीकडे ओढला जातो, मागे घेताना किंवा ब्रेक मारताना दुसरीकडे. तेवढ्या काही मिलिमीटरांत न घासणारी जागा घासायला लागते.

खाली वाकलो तर काळ्या लायनरवर पांढऱ्या रेघा उमटलेल्या. एक बंपरच्या खालच्या कोपऱ्यावर, बोटभर रुंद आणि ठळक. एक मागच्या बाजूला, पायाजवळच्या पत्र्यासमोर. तिसरी वर, लायनरच्या छपरावर, अगदी फिकट, नुसतं धुरकट पट्टा ओढल्यासारखी, आणि ती फक्त ओंडक्यावर चढवलेल्या बाजूलाच. काकांनी स्पेसर काढून तोच खेळ पुन्हा केला. बाहेरच्या रेघा आखडल्या, पण आत त्या दांड्यावर पांढरा ठसा आला.

आणि डावीकडच्या सगळ्या रेघा उजवीकडच्यापेक्षा जाड होत्या. हे मला कोड्यात टाकणारं होतं. काकांनी दोरीला नट बांधून ओळंबा केला, मडगार्डच्या कडेवरून सोडला आणि टायरपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजलं. 8 मिमीचा फरक. ॲक्सल सरळ वर-खाली होत नाही. त्याला आडवा धरून ठेवणारा एक तिरका दांडा असतो, पॅनहार्ड रॉड, एक टोक चेसिसला आणि दुसरं ॲक्सलला. गाडी उचलली की दांड्याचं ॲक्सलकडचं टोक खाली जातं आणि तो जास्त उभा होतो. त्याची लांबी तीच, त्यामुळे आडवी पोच कमी होते आणि तो ॲक्सलला चेसिसच्या टोकाकडे ओढतो. शिडी भिंतीला जास्त उभी लावली की तिचा पाय भिंतीजवळ येतो, तसं. सगळा ॲक्सल 4 मिमी सरकला की दोन बाजूंतला फरक 8 दिसतो.

कोणती रेघ कशी पुसायची

आतल्या दांड्याच्या ठशासाठी स्टीयरिंगचा लॉक कमी केला. चाक वळून शेवटी जिथे थांबतं तिथे, नकलजवळ (ॲक्सलच्या टोकाचा वळणारा भाग), दोन्ही बाजूंना एक बोल्ट असतो. तो थोडा बाहेर काढून त्याचा नट आवळला की चाक एक-दोन अंश आधी थांबतं. फुकटात होणारं काम, आणि म्हणूनच त्याची किंमत नंतर कळते. पाच दरवाज्यांच्या जिम्नीची वळणत्रिज्या कंपनी 5.7 मीटर सांगते. माझी आता त्याहून जास्त आहे. पातलीपाड्याचा तो यू-टर्न पूर्वी एका दमात व्हायचा, आता पुलाचा खांब टाळायला अधूनमधून एकदा रिव्हर्स मारावा लागतो आणि मागचे रिक्षावाले माझ्या पूर्वजांची आठवण काढतात. हा सौदा मी जाणूनबुजून केला. ज्यांना रोज ठाणे स्टेशनच्या गल्ल्यांत गाडी घालायची आहे त्यांनी आधी दोनदा विचार करावा.

बंपरचा कोपरा कापला. आधी जाड कागदाचा साचा, मग चिकटपट्टीने खूण, मग बारीक दाताची करवत. काकांचा नियम असा की रेघेच्या आत अर्धा सेंटिमीटर सोडून कापायचं, पुन्हा रांगोळी फासायची, पुन्हा कापायचं. प्लॅस्टिक परत चिकटत नाही. मागच्या बाजूचा लायनर कापला नाही. हीट गनने मऊ केला, लाकडी फळीने आत रेटला, थंड होईपर्यंत धरून ठेवला आणि त्याच्या क्लिप एक बोट मागे घेतल्या. तिथे 12 मिमी मिळाले. लायनर काढून फेकून देणारे बरेच आहेत. आपल्या पावसात ते करू नका. चाकाने उडवलेला चिखल मग थेट वायरिंगवर आणि पत्र्याच्या सांध्यांत जाऊन बसतो.

लायनरच्या मागे दोन पत्रे जोडलेली उभी शिवण असते. काही लोक ती हातोडीने ठोकून सपाट करतात. टायरचा ठसा खरोखर पत्र्यापर्यंत पोचत असेल तर ते करावंच लागतं, कारण ती कड ब्लेडसारखी असते आणि टायरची बाजू कापू शकते. पण ठोकल्यावर रंगाला तडे जातात. ऐरोलीपासून उरणपर्यंत खाडीची हवा आहे. उघडा पत्रा एका पावसाळ्यात गंजतो. प्रायमर, सीलंट, रंग, हे तिन्ही त्याच दिवशी. माझ्या गाडीत तशी वेळ आली नाही.

छपरावरच्या फिकट रेघेसाठी स्टॉपरखाली 25 मिमीचे ठोकळे. हे काम सगळ्यात कमी दिसतं आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे. बंपरला घासलेला टायर आवाज करतो, तुम्ही वेग कमी करता. वर घासलेला टायर भर वेगात, खड्ड्यात, क्षणभर धरला जातो. तेव्हा तुमच्या हातात करण्यासारखं काही नसतं. ठोकळ्यांचा दुसरा फायदा म्हणजे शॉकअप स्वतः पूर्ण दबून आत ठोकला जाण्याआधी ॲक्सल थांबतो.

ॲक्सल मध्ये आणायला लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड बसवला. त्याचे आटे फिरवले, ओळंबा सोडला, पुन्हा फिरवले. फरक 1 मिमीवर आला आणि डावीकडच्या रेघा उजवीकडच्यांइतक्या झाल्या.

आवाजाचा कानाने थोडा अभ्यास करून ठेवावा. प्लॅस्टिकवर घासणारा टायर घुरघुरतो, लोखंडावर घासणारा करकरतो आणि रबर जळल्याचा वास येतो. पहिल्यावर घरी पोचता येतं. दुसऱ्यावर गाडी बाजूला घ्यायची आणि टायरच्या बाजूवर बोट फिरवून बघायचं. नखाला अडेल अशी चीर असेल तर स्टेपनी. आणि काहीच न ऐकू येणारं घासणं एक असतं, ते म्हणजे ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर. स्टीयरिंग दोन्ही टोकांना नेऊन त्या दोन्ही टायरपासून सुट्या आहेत ना, आणि चाक पूर्ण लोंबल्यावर ताणल्या जात नाहीत ना, हे बघितल्याशिवाय गाडी शेडमधून बाहेर काढू नये.

बाकी परिणाम थोडक्यात. मोठ्या टायरवर स्पीडोमीटर कमी दाखवतो. माझ्या मापात काट्यावर 80 असताना गाडी 84-85 ने पळत असते, हे पाम बीच रोडच्या कॅमेऱ्यांना सांगून उपयोग नाही. गाडी उचलल्यावर पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर कोन, म्हणजे चाकाच्या बिजागरीचा मागे झुकाव, कमी होतो, स्टीयरिंग सैल वाटतं, वळणातून आपोआप सरळ येत नाही. त्यासाठी वेगळे बुश मिळतात, आणि अलाइनमेंट करून घ्यावीच लागते. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जायला लागतात, ते खाली घ्यायचे. 235 चा टायर जिम्नीच्या मूळ अरुंद रिमवर नीट बसत नाही, त्याला निदान 6 इंची रिम हवी. कंपनीचा जॅक आता पुरेसा वर जात नाही, हे मला माळशेजच्या अलीकडे पंक्चर झाल्यावर कळलं. तेव्हापासून जॅकखाली ठेवायला एक ओंडका गाडीत असतो.

कायद्याचं मात्र थोडक्यात उरकता येत नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182 अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ठाण्याची एमएच 04 असो की नवी मुंबईची एमएच 43, नियम एकच. अपघात झाला तर विमा कंपनी अशा बदलावर बोट ठेवू शकते. खासगी जागेत, ट्रॅकवर गाडी चालवणाऱ्यांचा भाग वेगळा, पण तिथपर्यंत गाडी रस्त्यानेच जाते. येऊरच्या जंगलात तर ती रस्त्याखाली उतरवायचा विचारही करू नये, तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

म्हणूनच कोणी विचारलं तर मी माझ्या गाडीचं कौतुक न करता सांगतो, कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेल्या मापांत राहा. 2020 ची थार 245/75 आर 16 आणि 255/65 आर 18 अशा दोन मापांत यायची. व्यासात 15 मिमीचा फरक, आणि दोन्ही त्याच मडगार्डखाली बसवून कंपनीने तपासलेली. जिम्नीला तशी सोय नाही. तिथे फार तर 215/75 आर 15 चा मोह होतो. व्यास 703 मिमी, म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम 5 मिमीची वाढ, आणि रुंदीत आत-बाहेर 10-10. घासण्याचा प्रश्न जवळपास उरत नाही. पण माप कागदावरचं नाही ते नाहीच. आज पुन्हा पैसे हातात आले तर मी 235 घेणार नाही. ॲक्सलखाली मिळालेल्या 20 मिमीसाठी मी बंपर कापला, यू-टर्न गमावला, आणि दीड लिटरच्या इंजिनाला चढावर एक गिअर खाली ओढायला लावलं.

नवीन स्प्रिंग पहिल्या काही महिन्यांत थोड्या बसतात, हे शेवटचं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना टेपने मोजून लिहून ठेवा, टाकी भरलेली आणि गाडी सपाट जागी असताना. माझ्या गाडीत पाच महिन्यांत पुढे 7 मिमी आणि मागे 11 मिमी कमी झाले. मागे जास्त, कारण शनिवार-रविवार मागच्या जागेत तंबू, पाण्याचे कॅन आणि दोन भाचे असतात. आकडा बदलला की ओळंबा पुन्हा सोडायचा, पॅनहार्ड रॉड अर्धा आटा फिरवायचा, आणि टायरला रांगोळी फासायची. आईने त्यासाठी आता वेगळा डबा काढून ठेवलाय, वर चिठ्ठी लावून: ‘गाडीची’.